अंगणातलं पाणी: कुठून येतं आणि कुठे न्यायचं

नेहमीप्रमाणे हे त्या भागाचं लेखी रूप. बोलताना तोंडात आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही.

आज कोडबद्दल एक अक्षर नाही. 'गावाहून काम' या भागात मी ओझरतं म्हटलं होतं की पावसाळ्यात आमच्या अंगणात लॅपटॉप घेऊन बसणं सोडा, चप्पल घालून उभं राहता येत नाही. त्यावर बऱ्याच जणांचे मेसेज आले की आमच्याकडेही हेच आहे, काय केलंत ते सांगा. तर सांगतो. मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरवाला, सिव्हिलवाला नाही. त्यामुळे हे सगळं वाचून, विचारून आणि खणून शिकलेलं आहे, असं समजून ऐका.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. राजापूर तालुक्यातली एक वाडी. डोंगराच्या उतारावर घर, चिऱ्याचं, कौलारू. मागे परस आणि त्याच्यामागे चढ. पुढे अंगण, तुळस, बाजूला विहीर. अंगणाच्या खालच्या अंगाला पूर्वी गडगा होता, गडग्यापलीकडे एक मोकळा तुकडा आणि त्याच्या कडेने पऱ्या. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पण हे माझ्या पणजोबांपासून आहे. अंगणात पाणी मात्र गेली पाच-सहा वर्षंच साचायला लागलं.

साचतं म्हणजे किती, तर घोटाभर. आणि पाणी हटलं की शेवाळं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आजी तुळशीपाशी घसरली आणि मनगट मोडलं. वय ८१. प्लास्टर निघालं, पण त्यानंतर तिने एकटीने अंगणात उतरणं सोडलं. जी बाई रोज पहाटे अंगणात पहिली असायची ती पडवीत खुर्चीत. शिवाय ऐन जुलैत संडासाचं पाणी खाली जाईना, कारण शोषखड्डा जमिनीतल्याच पाण्याने तुडुंब. आणि शोषखड्ड्यापासून विहीर फार लांब नाही, हे लक्षात आल्यावर घरात सगळेच गप्प झाले. पाणी उकळून प्यायला लागलो. त्यात लेप्टोची भीती. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा जंतू पायाच्या भेगेतूनही आत जातो, आणि आजीचे पाय म्हणजे भेगाच भेगा.

बाबांचं मत ठरलेलं होतं. दोन फूट माती टाकून अंगण उंच करायचं आणि वर पेव्हर ब्लॉक. ठेकेदाराने आकडाही दिला होता, पावणेदोन लाख. मी म्हटलं, बाबा, अंगण दोन फूट उंच केलं की ते जोत्याच्या बरोबरीला येणार. मग ओल अंगणात न थांबता चिऱ्यात चढेल. चिरा म्हणजे स्पंज. बाबा म्हणाले, "मग तू सांग." चेष्टेत म्हणाले होते. मी मनावर घेतलं.

आता आमच्या धंद्यातली एक सवय इथे कामी आली. बग कुठे आहे हे कळल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. पाणी साचलंय हे सगळ्यांना दिसतं, पण ते कोणतं पाणी? तीन शक्यता होत्या. कौलांवरून पडणारं, वरच्या चढावरून वाहत येणारं, किंवा जमिनीच्या आतून येणारं. तिघांची औषधं वेगळी.

कौलांचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर धरा १२० चौरस मीटर. कोकणात १०० मिलिमीटर पाऊस पडायला दिवस लागत नाही, पण दिवसभरात पडला असं धरलं तरी १२ हजार लिटर. म्हणजे टँकर. हा टँकर आम्ही पागोळ्यांतून घराच्या पायाशी ओतत होतो. पण नुसतं एवढंच असतं तर पाऊस थांबल्यावर काही तासांत अंगण मोकळं झालं असतं.

म्हणून मी उघडीप मिळायची वाट पाहिली. जुलैत तीन दिवस कोरडे मिळाले. अंगणात दोन फुटी खड्डा खणला आणि स्टूल घेऊन त्याच्याशेजारी बसलो. वाडीतली पोरं बघायला आली. (हसतो) पाऊस नाही, आभाळ मोकळं, आणि खड्ड्याच्या घराकडच्या भिंतीतून पाणी झिरपतंय. खालच्या बाजूच्या भिंतीतून नाही, वरच्या. अर्ध्या तासात खड्डा निम्मा भरला. तेव्हाच ठरलं की मुख्य पाणी जमिनीतून येतंय, आणि डोंगराकडून येतंय.

मग दुसरा खड्डा परसात, घराच्या मागे. इथे जे दिसलं ते कोकणात घर असलेल्या प्रत्येकाने एकदा बघावं. वरची दोन फूट तांबडी, जांभ्याची भुसभुशीत माती. तिच्यात पाणी सहज उतरतं. त्याखाली पिवळट-पांढरट चिकण माती, हाताला साबणासारखी. तिच्यात पाणी उतरत नाही. डोंगरावर पडलेला पाऊस जांभ्यातून खाली येतो, या चिकण मातीवर अडतो आणि उताराने आडवा सरकत राहतो. कोकणातले पावसाळी उमाळे बरेचसे याच सांध्यावर फुटतात. आमच्या खड्ड्यातही पाणी बरोबर त्या तांबड्या-पिवळ्याच्या सांध्यातूनच येत होतं, रेघ मारल्यासारखं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दहापैकी आठ जण हाच सल्ला देतात: "शोषखड्डा मार." शोषखड्डा चांगली गोष्ट आहे, सांडपाण्यासाठी, जिथे जमीन पाणी पिते तिथे. जिथे जमीन स्वतःच गळ्यापर्यंत भरलेली आहे तिथे तुम्ही खड्डा खणलात तर तो शोषत नाही, भरतो. खात्री करायची असेल तर फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा, पट्टी उभी करा आणि तासाभराने पातळी बघा. मात्र हे ऐन पावसाळ्यात करा. एप्रिलात केलंत तर कुठलीही जमीन पास होते.

मग प्रश्न राहिला की हे पाणी पूर्वी कुठे जायचं. उत्तर आजीला माहीत होतं, आणि मी तिला विचारलं नव्हतं तोवर तिने सांगितलंही नव्हतं. ती म्हणाली, "अरे, गडग्यातून जायचं की. तुझे पणजोबा गडग्याला गिलावा करू देत नसत. गडग्याने श्वास घ्यायला हवा म्हणत."

गडगा म्हणजे नुसते दगड एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. पाणी फटींतून निघून जातं, माती मागे राहते. पाच-सहा वर्षांपूर्वी खालचा मोकळा तुकडा विकला गेला. घेणारे काका मुंबईचे. त्यांनी गडगा काढून तिथे सिमेंटात बांधलेलं चिऱ्याचं कंपाउंड घातलं, आतून-बाहेरून गिलावा, आणि आपल्या बाजूला भराव टाकून जागा सपाट केली. पाणी जायला एक भोक नाही. अंगणाच्या खालच्या टोकाला धरण बांधल्यासारखंच झालं ते. काकांचा हेतू वाईट नव्हता. भिंत सुंदर आहे.

उपाय कागदावर सोपा होता. घराच्या मागे, चढाच्या पायथ्याशी आडवा चर खणायचा, चिकण मातीपर्यंत खोल, म्हणजे डोंगराचं पाणी घराखाली शिरायच्या आतच पकडता येतं. चरात भोकांचा पाईप, भोवती खडी. इंग्रजीत याला 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. फ्रान्सशी संबंध नाही, हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या एका अमेरिकन वकिलाने १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या आडनावावरून ते नाव रूढ झालं. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या क्षारपड जमिनीत भोकांचे पाईप पुरून पाणी काढतात, त्यातही तत्त्व हेच. पाणी जमिनीतून जाताना अडतं, खडीतून जाताना अडत नाही, म्हणून ते खडीकडे वळतं.

पण चराने पकडलेलं पाणी न्यायचं कुठे? पऱ्यात. आणि पऱ्या काकांच्या जागेपलीकडे.

मी कायदा वाचला. १८८२ चा इझमेंट कायदा आहे, त्याच्या सातव्या कलमातच उदाहरण दिलंय: वरच्या जमिनीवर पडणारं किंवा तिथे उगवणारं पाणी, जे ठरावीक ओघळातून वाहत नाही, ते खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देण्याचा वरच्या मालकाला हक्क आहे. वाचून बाबा खूश. म्हणाले, नोटीस धाडू. मी म्हटलं, नीट वाचा, 'नैसर्गिकपणे' म्हटलंय. आपण पाईपात गोळा करून एका ठिकाणी सोडणार, ते नैसर्गिक राहत नाही. त्याला त्यांची परवानगी लागेल. आणि नोटीस गेली की परवानगी संपली. वर्षानुवर्षं शेजारी राहायचंय, तारखा मोजत नाही.

मग आम्ही गणपतीची वाट पाहिली. कोकणात कुठलाही तंटा मिटवायला किंवा पेटवायला हीच वेळ, कारण तेव्हाच सगळे गावात असतात. काका आमच्याकडे आरतीला आले, पायातले बूट हातात घेऊन. आरती झाल्यावर मी त्यांना आमच्या तक्रारीबद्दल काही बोललोच नाही. गवंड्याचा ओळंबा घेतला आणि म्हटलं, काका, तुमची भिंत बघूया का?

भिंत वरच्या बाजूला दीड इंच त्यांच्याकडे झुकलेली होती. ओळंबा खोटं बोलत नाही. त्यांना मी मोबाईलवर हिशेब दाखवला: भिंतीमागे एक मीटर उंच पाणी जमिनीत भरून राहिलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर पाण्याचाच दाब सुमारे ५०० किलो. मातीचा वेगळा. काका बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण तुझं पाणी माझ्या प्लॉटमध्ये नको." रास्त आहे. मीही नको म्हटलं असतं.

लगेच होकार आला नाही. त्यांनी आपला गवंडी आणला, त्याने भिंत बघितली. मग फोनवर दोनदा बोलणं झालं, दुसऱ्यांदा काकू बोलल्या. शेवटी ठरलं ते असं: पाईप त्यांच्या कुंपणाच्या आतल्या कडेने, दोन फूट खोल, बिनभोकांचा, थेट पऱ्यापर्यंत. खर्च आमचा, दुरुस्ती आमची. पुढे त्यांनी घर बांधलं तर त्यांच्याही पागोळ्यांचं पाणी याच वाटेने न्यायला आम्ही आमच्या खर्चाने जोड ठेवायचा. आणि भिंतीच्या तळाशी दर पाच फुटांवर भोकं पाडायची, त्यांचं पाणी घ्यायला पलीकडे खडीचा छोटा चर. स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांच्या सह्या. हे सगळं होईपर्यंत मी एक फूटही खणलं नव्हतं, आणि आज कोणी विचारलं तर मी हाच क्रम सांगेन.

खणाई डिसेंबरात. तेव्हा पाणी उतरलेलं असतं पण जमीन अजून दगड झालेली नसते. मे महिन्यात जांभा खणायला गेलात तर पहारीची धार जाते आणि गड्यांचा मूडही. वाडीतले नाना आणि त्यांची दोन माणसं, चार दिवस. चर २८ मीटर लांब, सव्वा फूट रुंद, एका टोकाला अडीच फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेतीन. जोत्यापासून तीन मीटर दूर. घराजवळ चर खणताना पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली उतरणारी रेघ मनात काढायची, आणि चराचा तळ त्या रेघेच्या खाली जाऊ द्यायचा नाही. नाहीतर पाण्याबरोबर घरही उताराला लागायचं.

उतार किती? आम्ही मीटरला एक सेंटीमीटर धरला. त्यासाठी लेझर वगैरे लागत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, पाणी भरलेली. दोन टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. नानांनी दर दोन मीटरवर खुंटी मारली आणि दोरी बांधली. मी फोनवरचं लेव्हल ॲप काढलं तेव्हा नानांनी ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी कोड रिव्ह्यूमध्ये ज्युनियरकडे बघताना वापरतो. ॲप खिशात ठेवलं.

आता सामान. जिओटेक्स्टाइल म्हणून एक न विणलेलं, नमद्यासारखं कापड येतं. पाणी जातं, माती अडते. गावच्या दुकानात मागितलं तर हिरवी शेडनेट पुढे केली. ती चालत नाही, तिची भोकं मोठी, चिकण माती आरामात आत येते. दोन मीटर रुंदीचा रोल ऑनलाइन मागवला. हे कापड चराला आतून लावायचं, खडी आत भरायची आणि वरून मिटायचं, करंजीसारखं. नुसतं पाईपाला गुंडाळणारे खूप आहेत. तसं केलं की पहिल्याच पावसात सगळी माती खडीत शिरते, आणि कापडाचं क्षेत्रफळ एवढंसं असल्याने ते लवकर बुजतं.

खडी वीस एमएमची, काळ्या दगडाची, कच नसलेली, आणि टाकण्याआधी धुतलेली. तीन ब्रास लागली. घरी चिऱ्याचे तुकडे ढीगभर पडले होते, बाबा म्हणाले तेच टाका. नको म्हटलं. चिरा पाण्यात झिजतो, त्याची माती होते. पाईप चार इंची पीव्हीसी, त्याला आम्हीच ड्रिलने दोन रांगांत भोकं पाडली. आणि ही भोकं खालच्या बाजूला ठेवायची. यावरून आमच्याकडे जवळजवळ भांडण झालं, कारण सगळ्यांना वाटतं पाणी वरून येतं, तर भोकं वर हवीत. पण चरात पाणी तळापासून वर चढतं. भोकं खाली असली की पाणी चढताच पाईपात शिरतं. भोकं वर असली तर पाईपाच्या उंचीएवढं पाणी चरात कायम उभं राहील.

आणि कौलांचं पाणी? त्याला पन्हळी लावल्या आणि वेगळा, बिनभोकांचा पाईप दिला, थेट पऱ्यापर्यंत, याच चराच्या शेवटच्या टप्प्यात शेजारी शेजारी. भोकांच्या पाईपात छपराचं पाणी सोडायचं नाही. तासाला १०० मिलिमीटर कोसळला तर आमच्या छपरावरून सेकंदाला तीन-साडेतीन लिटर येतात. ते भोकांच्या पाईपात घातले तर ते भोकांतून उलटे जमिनीत जातील, म्हणजे काढायला गेलो होतो तिथेच आणून ओतायचं.

वळणावर एक चेंबर, गाळ बसायला, वर उचलता येणारं झाकण. पऱ्याकडच्या तोंडाला जाळी. उंदरासाठी लावली होती, पण खरे गिऱ्हाईक खेकडे निघाले. पन्हळी धरून सगळा खर्च साठ हजारांच्या आसपास.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. पहिले आठ-दहा दिवस पाईपातून थेंब नाही. बाबा रोज पऱ्यावर जाऊन येत आणि काही न बोलता चहा पीत. जमीन आधी स्वतः भरते, मग देते, हे मला माहीत होतं, तरी झोप उडाली होती. मग एका रात्री जोरदार लागला आणि सकाळी पाईपातून मनगटाएवढी धार, गढूळ. चौथ्या दिवशी स्वच्छ. गढूळपणा गेला म्हणजे कापड बसलं. ती धार बारीक होत होत दिवाळीनंतरही चालू होती.

जे झालं नाही तेही सांगतो. फार कोसळला तर अंगणात अजूनही पाणी दिसतं, तासभर. चिकण माती आहे, ती काही बदलली नाही. विहिरीचं पाणी आम्ही अजून उकळतोच, ते पिण्यालायक आहे की नाही हे अंगण कोरडं दिसतंय यावरून कळत नाही, तपासून घ्यावं लागतं. संडास मात्र पूर्ण पावसाळा एकदाही तुंबला नाही. काकांची भिंत त्याच दीड इंचावर आहे. दर गणपतीत ओळंबा लावतो, आता काकाच आठवण करतात.

पेव्हर ब्लॉक बाबांनी सोडलेले नाहीत. तडजोड म्हणून पडवीपासून तुळशीपर्यंत तीन फुटी पायवाट केली, चिऱ्याची, खडीवर बसवलेली, वर खरबरीत. आजी आता सकाळी तिच्यावरून जाते. एक हात माझ्या खांद्यावर असतो, तो मी अजून तरी काढू देत नाही.

चेंबरचा गाळ वर्षातून दोनदा काढायचा, मे अखेरीस आणि गणपतीच्या आधी. लांबी-रुंदी आणि उताराची आकृती मागणाऱ्यांनी मेसेज करा, पाठवतो. मात्र पाठवण्याआधी विचारेन की तुमच्या पाण्याला बाहेर जायला वाट कुठे आहे. पुढच्या भागात पुन्हा कॉम्प्युटरवर येऊ. भेटूच.